तुझ्या भाषेत पाण्याला काय म्हणतात?

नांदेड-लातूरच्या गल्ल्यांत, तांड्यांवर आणि सीमेवरच्या गावांत पाच-सहा भाषा रोज एकमेकींना धक्का मारून पुढं जातात. त्यांची ओळख मात्र कुणी करून देत नाही. हे काम तुम्ही करू शकता. दोन दिवस, वीस-पंचवीस मुलं आणि थोडे कोरे कागद एवढ्यावर भागतं.

एक काम करा. नांदेडच्या रेल्वे स्टेशनवर अर्धा तास नुसते बसा. मोबाइल खिशात, इयरफोन बॅगेत. फक्त ऐका.

अमृतसरकडं जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसच्या डब्यापाशी पंजाबी ऐकू येईल. निजामाबाद, हैदराबादकडं निघालेल्या कुटुंबाची तेलुगू कानावर पडेल. चहावाला आणि हमाल दख्खनीत हुज्जत घालत असतील. कामाला निघालेली एखादी बंजारा आजी नातवाला गोरमाटीत दटावत असेल. आणि मधूनच आपलं खास, 'काय करूलालास बे?'

अर्ध्या तासात पाच भाषा, एकही तिकीट न काढता.

आता स्वतःला विचारा, यातल्या किती भाषांत मला 'पाणी' म्हणता येतं? किती भाषांत कुणाचं नाव विचारता येतं? आपल्यातल्या बहुतेकांचा आकडा एका हाताच्या बोटांतच संपतो. इंग्रजीसाठी आपण क्लास लावतो, जर्मन-जपानीचं ॲप डाउनलोड करतो. पण शेजारच्या बाकावर तीन वर्षं बसलेल्या मित्राच्या घरी कोणती भाषा बोलतात, हे आपल्याला ठाऊक नसतं. त्यानं सांगितलेलं नसतं, कारण आपण विचारलेलं नसतं.

रेघ १९५६ ची, माणसं त्याआधीची

आपला भाग असा कसा झाला, हे आधी थोडक्यात बघू. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं एकाच राज्यात राहत होती. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि नकाशावर नव्या रेघा पडल्या. त्याआधी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे आजच्या लातूर जिल्ह्यातले तालुके बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. उलट मुधोळ नांदेड जिल्ह्यातून तिकडं गेलं. चार वर्षांनी, १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं.

रेघ कागदावर ओढता येते. सोयरीक, बाजार आणि बोलणं काही तिच्यावर थांबत नाही. म्हणून आजही देगलूर, बिलोली, धर्माबादकडं तेलुगू ऐकू येते. उदगीर, देवणी, निलंग्याच्या पट्ट्यात कन्नड आहे. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी आहे. तांड्यांवर गोरमाटी आहे. नांदेड शहरात गुरुद्वाऱ्यामुळं पंजाबी आहे. आणि दोन्ही जिल्ह्यांच्या गावागावांत दख्खनी आहे.

या भाषा नुसत्या शेजारी राहत नाहीत. एकमेकींच्या घरातून वाटीभर साखर आणावी तसे शब्द आणत असतात. दख्खनीतला 'नक्को' हा आपला 'नको'च. 'अक्का', 'अण्णा' आपल्याकडं कन्नडमधून आले असं आपण शाळेच्या व्याकरणात शिकलो. जिल्हा, तालुका, अर्ज, वकील हे शब्द अरबी-फारसीचे, पण तहसीलच्या रांगेत उभं राहताना आपल्याला ते परके वाटत नाहीत.

सगळ्यात मोठं उदाहरण तर नांदेडच्या मधोमध आहे. संत नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, गुरुमुखी लिपीत. म्हणजे आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीशी ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या मराठी संताचे शब्द शीख माणूस आपल्या धर्मग्रंथाचे शब्द म्हणून म्हणतो. पंजाबमधलं घुमान हे नामदेवांचं गाव मानलं जातं. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं. नांदेडमध्ये शिकणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? आणि माहीत असलं, तरी किती जणांनी वर्गातल्या शीख मित्राला 'नामदेवांचं एखादं पद म्हणून दाखव ना' असं म्हटलंय?

तुरुंगात शिकलेली तमिळ

मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावं, ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. ती एका मराठी मास्तरांची आहे. 'श्यामची आई' लिहिणाऱ्या साने गुरुजींची.

१९३० च्या सत्याग्रहात गुरुजींना शिक्षा झाली आणि त्यांना त्रिचनापल्लीच्या, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात पाठवलं गेलं. तिथं दक्षिणेतले सत्याग्रही भेटले. एकाच देशासाठी तुरुंगात आलेली माणसं, पण एकमेकांशी मनातलं बोलता येत नव्हतं. गुरुजी तमिळ शिकू लागले. पुढं तमिळमधला 'तिरुक्कुरळ' हा महान ग्रंथ त्यांनी मराठीत आणला.

त्या अनुभवातून 'आंतरभारती'ची कल्पना वाढली. रवींद्रनाथांची 'विश्वभारती' त्यांच्या डोळ्यांसमोर होती. वेगवेगळ्या प्रांतांतल्या मुलांनी एकत्र यावं, एकमेकांच्या भाषा, गाणी, गोष्टी शिकाव्यात, हे त्यांचं स्वप्न होतं. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ते कळकळीनं मांडलं. ११ जून १९५० ला गुरुजी गेले. जशी हवी होती तशी संस्था त्यांना बघायला मिळाली नाही. पण कल्पना मागे राहिली आणि अनेकांनी ती उचलली.

त्यातलं एक नाव आहे डॉ. एस. एन. सुब्बराव यांचं. सगळे त्यांना 'भाईजी' म्हणायचे. जन्म बेंगळुरूचा, १९२९ चा. काम चंबळच्या खोऱ्यात, जिथं १९७२ साली शेकडो डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली, त्या प्रक्रियेत त्यांचाही वाटा होता. पण तरुणांना ते आठवतात शिबिरांमुळं. हाफ पँट, खादीचा सदरा आणि एकामागून एक भाषांमध्ये गाणी. त्यांच्या 'राष्ट्रीय युवा योजने'च्या शिबिरांत देशभरातली मुलं यायची. १९९३ साली तर त्यांनी तरुणांना घेऊन सद्भावना रेल्वे यात्रा काढली, आख्खी आगगाडीच शिबिर झाली. २७ ऑक्टोबर २०२१ ला भाईजी गेले.

त्यांच्या बाल महोत्सवांमधली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. बाहेरगावाहून आलेल्या मुलांना लॉजमध्ये किंवा शाळेच्या हॉलमध्ये कोंबण्याऐवजी स्थानिक कुटुंबांत राहायला पाठवायचं.

यानं काय होतं, याचा विचार करा. दिवसभर मैदानावर गाणी-खेळ होतात, तिथं सगळेच ग्रुपमध्ये असतात, लाजणारं मूल मागं लपू शकतं. रात्री ताटावर लपता येत नाही. यजमान घरातली आई भाकरी वाढते, मूल 'पुरे' म्हणू बघतं, पण शब्द येत नाही. मग हात आडवा धरणं, हसणं, घरातल्या पोराचं भाषांतर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाला 'बस', 'आणखी' आणि 'गरम' हे तीन शब्द आलेले असतात. यजमान घरालाही तीन नवे शब्द मिळालेले असतात. पुस्तकातून हे तीन शब्द शिकायला तेवढाच वेळ लागला असता, पण ते महिनाभरात विसरले असते. भुकेच्या वेळी शिकलेला शब्द माणूस विसरत नाही.

फेटा बांधला म्हणजे झालं?

आता तुम्ही म्हणाल, हे तर आमच्या कॉलेजात होतंच की. 'पारंपरिक वेशभूषा दिन' असतो. 'विविधतेत एकता' असतं. एक जण पंजाबी, एक जण मद्रासी, एक जण आदिवासी.

थोडं कडू वाटेल, पण बोलूच. वर्षातून एकदा कुणाचे तरी कपडे घालून फोटो काढणं म्हणजे ओळख नव्हे. अंगाला काळा रंग फासून आणि डोक्यात पिसं खोचून 'आदिवासी नृत्य' करणाऱ्या आपल्या ग्रुपमध्ये किनवटहून आलेला एखादा गोंड किंवा कोलाम मुलगा प्रेक्षकांत बसलेला असू शकतो. त्याला काय वाटलं, हे कुणी विचारतं का? ज्याची संस्कृती म्हणून आपण स्टेजवर काही दाखवतो, तो माणूस त्या तालमीत नसेल, तर ती संस्कृती नाही, ती आपली समजूत आहे.

सरकारी योजना आहेत. 'एक भारत श्रेष्ठ भारत'मध्ये महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे, त्यातून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण होते. संधी आली तर नक्की जा. 'भाषा संगम'मध्ये आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांतली रोजच्या वापरातली शंभर वाक्यं शिकवायची कल्पना आहे. ११ डिसेंबरला, सुब्रमण्य भारतींच्या जयंतीला, भारतीय भाषा उत्सव होतो. हे सगळं चांगलंच आहे. पण त्यात एक गंमत आहे. या २२ भाषांच्या यादीत गोरमाटी नाही, गोंडी नाही, कोलामी नाही. म्हणजे ओडियातलं वाक्य आपण शिकू आणि मागच्या बाकावरच्या तांड्यावरल्या मुलीची भाषा त्या दिवशीही गप्पच राहील.

याडीची भाषा

इथं खरा प्रश्न सुरू होतो.

२०११ च्या जनगणनेत 'लमाणी/लंबाडी' ही मातृभाषा सांगणारे देशभरात ३२ लाखांहून अधिक लोक होते. पण जनगणनेच्या तक्त्यात ही भाषा हिंदीच्या पोटात घातलेली आहे. तिला स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत. किनवटच्या तांड्यावरच्या मुलीनं आदिलाबादच्या मामेबहिणीला पत्र लिहिलं, तर भाषा एकच असून बहिणीला ते वाचता येणार नाही! फोनवर मात्र दोघी तासभर बोलतील.

आता सहा वर्षांच्या मुलाच्या जागी जाऊन बघा. घरी आईला 'याडी' म्हणतो. शाळेत पहिल्या दिवशी फळ्यावर 'आई' आहे. बाई जे बोलतात, त्यातलं निम्मं कळत नाही. तो गप्प बसतो. गप्प बसला म्हणून 'ढ' ठरतो. ऊसतोडीचा हंगाम आला की आई-बापासोबत फडावर जातो, कधी कर्नाटकात, जिथं तिसरीच भाषा आहे. परत येतो तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. असं दोन-तीन वर्षं झालं की तो शाळेत येणं थांबतो. कागदावर कारण लिहिलं जातं, 'स्थलांतर'. त्या कारणाच्या पोटात भाषाही आहे, हे कुणी लिहीत नाही.

आणि जो टिकतो, शिकतो, कॉलेजपर्यंत येतो, त्याची वेगळी गोष्ट होते. तो घरची भाषा दाराबाहेर ठेवायला शिकतो. मित्रांसमोर आईचा फोन आला की बाजूला जाऊन, आवाज बारीक करून बोलतो.

हे ओळखीचं वाटतंय का? वाटायलाच पाहिजे. लातूर-नांदेडहून पुण्याला गेलेल्या आपल्यातल्या कित्येकांनी हेच केलंय. हॉस्टेलच्या पहिल्या रात्री 'जाऊलालो', 'खाऊलालो' म्हटलं आणि आख्खी रूम हसली. मग आठवड्याभरात 'जातोय', 'खातोय' सुरू. सुट्टीत घरी आल्यावर आजी म्हणते, 'कसं बोलूलालास रे, पुणेकरावानी!' त्या हसण्याचा ओरखडा आपल्याला ठाऊक आहे. तरीही तांड्यावरचा, कोलामपोडावरचा किंवा तेलुगू घरातला मुलगा एखादा शब्द चुकला की आपण हसतो. आपल्यावर झालेलं आपण खाली ढकलतो. ही साखळी कुणीतरी तोडायला लागेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत मुलांना घरच्या भाषेतून शिकवावं. धोरण प्रत्यक्ष वर्गात कधी, कसं उतरेल ते उतरेल. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून राज्यात केवढा वाद झाला, शासनानं आदेश मागं घेतले, हे आपण पाहिलं. तो वाद सक्तीचा होता. इथं सक्ती नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत. फक्त एक मोकळी जागा, जिथं मुलाची घरची भाषा पाहुणी नसून यजमान असेल.

नाटक, चित्र, खेळ: भाषा आपोआप येते

मुलांना 'चला, भाषा शिकू' म्हटलं की ती पळून जातात. 'चला, खेळू' म्हटलं की थांबतात. म्हणून अशी कार्यशाळा नेहमी हातानं, पायानं, रंगानं सुरू होते.

ठिकरीचा खेळ घ्या. जमिनीवर चौकोन आखायचे, खापराचा तुकडा टाकायचा, लंगडी घालत जायचं. तेलुगूत याला 'तोक्कुडु बिल्ला' म्हणतात, कन्नडमध्ये 'कुंटे बिल्ले', पंजाबीत 'स्टापू'. चौघांना एकाच आखणीवर उतरवा. नियमांवरून दोन मिनिटांत भांडण होईल. होऊ द्या! भांडणात मुलं जेवढी भाषा वापरतात तेवढी कशातच वापरत नाहीत. आणि तेलुगूतला 'बिल्ला' आणि कन्नडमधला 'बिल्ले' सारखे का, हा प्रश्न तुम्ही न विचारता कुणीतरी विचारेलच.

पाण्याचंही तसंच. पंजाबीत पाणी. तेलुगूत 'नीळ्ळु'. कन्नडमध्ये 'नीरु'. तमिळमध्ये 'तण्णीर'. एवढं फळ्यावर लिहा आणि थांबा. कुणीतरी हुशार पोरगी म्हणेल, 'सर, कवितेत नीर असतं की!' त्या क्षणाला तिला कळतं की भाषा म्हणजे वेगवेगळे डबे नाहीत. हे तुम्ही व्याख्यान देऊन सांगितलं असतं, तर तिनं जांभई दिली असती.

नाटकाचं तर विचारूच नका. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं १९८६ च्या सुमारास पुण्यात मराठीत आली. मोठी माणसं लहान मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांचे खरे प्रश्न त्यांच्याच नजरेतून मांडतात. परी नाही, राक्षस नाही, उपदेश नाही. जर्मन शहरातल्या मुलांसाठी घडलेली पद्धत मराठी मुलांना आपली वाटली, कारण मोठ्यांनी न ऐकणं हा प्रकार सगळीकडं सारखाच. ही वाट आपल्यालाही घेता येते. शाळेतल्या पहिल्या दिवसाचा प्रसंग करायला द्या. बाई गोरमाटी बोलतात आणि मराठी घरातल्या मुलाला काही कळत नाही, असा उलटा प्रसंग. हसता हसता वर्ग एकदम शांत होतो. जे शंभर भाषणांनी होत नाही ते त्या शांततेत होतं.

तुमच्याकडं सगळं आहे

'आम्ही काय करणार, आमचीच परीक्षा डोक्यावर आहे' हे उत्तर माहीत आहे. लातूरमध्ये तर परीक्षा हाच ऋतू असतो. तरी हिशेब करा.

तुमच्यापैकी अनेक जण एनएसएसमध्ये आहेत. वर्षाला १२० तास काम करायचं असतं, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. त्या सात दिवसांत आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, प्रभात फेरी काढतो. त्यातल्या दोन दुपारी गावातल्या मुलांसाठी काढल्या तर? गाव तांडा असेल, सीमेवरचं असेल, तर सोन्याहून पिवळं.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भाषा-साहित्याचं आणि ललित कलांचं संकुल आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना तर हे काम अभ्यासाचाच भाग म्हणून करता येईल. गणेश देवी यांच्या पुढाकारानं झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. तो ग्रंथालयात मागून घ्या. आपल्या आजूबाजूला कोणकोणत्या भाषा आहेत, हे वाचताना पहिला धक्का तिथंच बसेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाषा जाणणारी माणसं तुमच्याच वर्गात आहेत. कार्यशाळेचा 'तज्ज्ञ' बाहेरून बोलावू नका. गोरमाटी बोलणारी वर्गमैत्रीण, तेलुगू घरातला ज्युनिअर, पंजाबी येणारा मित्र हेच तुमचे सर आणि मॅडम. जी भाषा ती लपवत होती, तिच्यासाठीच तिला पुढं बसवायचं. वीस मुलांपेक्षा जास्त बदल त्या एकीत होईल.

थोडं सांभाळून

काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

मुलं सगळ्यात आधी शिव्या शिकवतात आणि शिकतात. रागावू नका, हसून विषय बदला.

कुणाची भाषा 'अशुद्ध' म्हणू नका. 'हे मराठीत बरोबर कसं म्हणशील?' हा प्रश्न दोन दिवस बंद.

आजीचं गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. 'नको' म्हणाली तर नको. मुलांचे फोटो आई-वडिलांना न विचारता स्टेटसला टाकू नका. गाणं त्यांचं आहे, चेहरा त्यांचा आहे.

जातीची, धर्माची चौकशी करू नका. भाषा विचारा, बाकी कळायचं तेव्हा कळेल.

आणि स्वतःलाही फसवू नका. दोन दिवसांच्या कार्यशाळेनं भाषा वाचत नाही. भाषा वाचते घरात बोलल्यानं, पुस्तकं निघाल्यानं, शिक्षकांना ती आल्यानं. ते काम मोठं आहे, वर्षानुवर्षांचं आहे. पण एखाद्या मुलाला आपली भाषा चारचौघांत मोठ्यानं बोलावीशी वाटणं, हे दोन दिवसांत होऊ शकतं. त्याच्या आयुष्यात ते छोटं नसतं.

उद्या कॉलेजला गेल्यावर सुरुवात म्हणून एवढंच करा. शेजारी बसणाऱ्याला विचारा, 'तुझ्या घरी पाण्याला काय म्हणतात?' तो सांगेल. मग तो शब्द तुम्ही म्हणून बघा. चुकेल. तो हसेल. या वेळी हसणारा तो असेल आणि चुकणारे तुम्ही. बिघडलं कुठं?

दोन दिवसांची कार्यशाळा: असं करून पाहा

कोण: ८ ते १४ वयोगटातली वीस-पंचवीस मुलं, दोन-तीन भाषांच्या घरांतली. सोबत तुम्ही पाच-सहा जण, त्यात त्या भाषा येणारे निदान दोघं.

साहित्य: कोरे कागद, रंगीत खडू, सुई-दोरा, खडूचा डबा, पिण्याचं पाणी. बॅनर नको, पाहुणे नकोत, सत्कार तर नकोच.

पहिला दिवस

नावाची गोष्ट: प्रत्येकानं सांगायचं, माझं नाव कुणी ठेवलं, घरी मला काय म्हणतात. घरच्या भाषेत सांगितलं तरी चालेल. दुसऱ्यानं अंदाजानं अर्थ सांगायचा.

दहा शब्दांची भिंत: पाणी, आई, भाकरी, घर, ये, जा, नको, झाड, पाऊस, झोप. प्रत्येक भाषेतले शब्द एका मोठ्या कागदावर, चित्रासह. सारखे दिसणारे शब्द मुलंच दोऱ्यानं जोडतील.

ठिकरी: सगळ्यांचे नियम ऐकून शेवटी सगळ्यांचा मिळून एक नवा नियम बनवायचा.

घरचा अभ्यास: आजी-आजोबांना एक कोडं, एक अंगाई किंवा एका पदार्थाची कृती विचारून यायचं.

दुसरा दिवस

कोड्यांची फेरी: कोडं घरच्या भाषेत घालायचं, उत्तर चित्रात द्यायचं.

बाजार: विकणारा एका भाषेत, घेणारा दुसऱ्या. मराठीचा आणि हिंदीचा आधार घ्यायचा नाही. हातवारे चालतील.

सोळा पानांचं पुस्तक: चार कोरे कागद एकावर एक ठेवा, मधोमध दुमडा, घडीवर दोऱ्यानं शिवा. सोळा पानं तयार. डाव्या पानावर घरची भाषा, जशी ऐकू येते तशी देवनागरीत. उजव्या पानावर मराठी. मधे चित्रं. लिहिणारी, काढणारी मुलंच.

शेवटचा तास: आई-वडिलांना बोलवा. मुलं त्यांना दुसऱ्याच्या भाषेतले पाच शब्द शिकवतील. पुस्तकाची एक प्रत शाळेच्या वाचनालयात ठेवा, एक ज्या आजीनं अंगाई दिली तिला. तिला वाचता येत नसेल, तर नातवानं वाचून दाखवायचं.